एकशे चाळीस बादल्या गोडे पाणी

सर्वांत आधी वल्ह्यांची एक जोडी होती. ती येरोलिमने स्वतःच्या हातांनी तासली होती. तिच्यानंतर त्याच्या मुलाचे, कुझ्माचे, गेरूच्या रंगाचे शीड आले. शिडानंतर कुझ्माच्या मुलाने, फ्रानेने, होडीच्या पोटात एक खोकणारे इंजिन बसवले. आणि फ्रानेच्या मुलाने, बार्तुलने, मला घरात आणले. मित्रांनो, माझे घराणे असे आहे, आणि ते सांगितल्यावाचून मी बोलायला सुरुवात करत नाही.

मी एक जुनी मोटर आहे. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात आणि दोरी ओढून सुरू करतात, त्या जातीची. समुद्रापलीकडे इटलीतल्या एका कारखान्यात माझे अंग ओतले गेले. खाऱ्या पाण्यात अशी मोटर पंधरा वर्षे टिकते, असे विक्रेत्याने बार्तुलला बजावले होते. आज मला अठ्ठेचाळिसावे वर्ष चालू आहे. विक्रेता केव्हाच गेला. त्याचे दुकानही गेले.

हे श्रेय माझ्या धातूचे नाही, पेरीनाचे आहे. पेरीना ही बार्तुलची बायको. मी घरात आले त्याच दिवशी तिने नियम घालून दिला की, समुद्रावरून आल्यावर आधी मोटर गोडे पाणी पिईल आणि मगच माणसे जेवायला बसतील. नियम विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. अंग थंड ठेवण्यासाठी मी चालता चालता समुद्राचे पाणी आत ओढते आणि कुशीतल्या भोकातून पेन्सिलीएवढ्या धारेने बाहेर सोडते. काम संपल्यावर ते मीठ आत वाळले, तर माझ्या बारीक वाटा बुजतात. म्हणून माझा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून मला दहा मिनिटे चालवावे लागते. माझ्या पायाशी जस्ताचा एक तुकडाही असतो. समुद्र मला खाण्याऐवजी त्याला खातो. तो झिजला की बार्तुल नवा बसवी आणि जुन्याला हातात घेऊन त्याचे आभार मानी. तो माणूसच तसा होता.

आमच्या बेटावर नदी नाही, विहीर नाही. छपरावरचा पाऊस प्रत्येक घराखालच्या टाक्यात साठतो आणि त्यावरच वर्ष काढायचे असते. माझ्या तेराव्या वर्षी पाऊस आलाच नाही. जूनअखेर आमच्या टाक्याचा तळ दिसू लागला, तेव्हा बार्तुलने मान खाली घालून पेरीनाला सांगितले की यंदा मोटरीला पाणी मिळणार नाही. ते शेजारच्या दिन्काने ऐकले. दिन्का एकटी राहणारी, मेंढ्या पाळणारी, जिभेने तिखट बाई. तिचे टाके आमच्यापेक्षा खोल होते.

"रोज दोन बादल्या घेऊन जा," ती कुंपणापलीकडून म्हणाली. "पण परत करशील ते पाणीच, बार्तुल. वाइन नको, तेल नको, आणि मासळी तर मी तुझी तशीही फुकटच खाते."

सत्तर दिवस मी दिन्काच्या पाण्यावर जगले. मग पाऊस आला, आणि असा आला की सगळ्यांचीच टाकी काठोकाठ भरली. भरल्या टाक्यात पाणी परत कसे करायचे? बार्तुल बादल्या घेऊन गेला, तर दिन्काने त्याला दारातूनच परतवले. पुढची कित्येक वर्षे दर उन्हाळ्यात ती त्याला विचारी, "काय रे, माझ्या एकशे चाळीस बादल्या समुद्रात ओतल्यास वाटतं?" तो हसे, पण ते त्याला लागे. अखेरच्या आजारपणात त्याने पेरीनाला दोनच गोष्टी सांगितल्या. मुलाला सांभाळ, आणि दिन्काचे पाणी तेवढे राहिले आहे.

मुलाचे नाव टोन्ची. मुलगा कष्टाळू, पण घाईचा. बार्तुलनंतरच्या एका नोव्हेंबरात मी अचानक तापू लागले. धार आधी बारीक झाली, मग थांबली. म्हातारीचा काळ संपला, असे टोन्चीने जाहीर केले आणि बटण दाबताच सुरू होणारी नवी मोटर आणली. मला तळघरात वाइनच्या पिंपांशेजारी टांगले. माझ्या गळ्यात साखळी बांधून मला खाडीच्या तळाशी सोडायचे आणि होडी त्या साखळीला बांधायची, असेही त्याने ठरवले होते. सहा वर्षे मी त्या साखळीची वाट पाहिली.

मग गेल्या ऑगस्टात एका अंजिराच्या झाडाने माझे नशीब पालटले. त्याची मुळे दिन्काच्या टाक्यात शिरली, टाक्याला तडा गेला आणि आठवड्याभरात सारे पाणी जमिनीत मुरले. तिच्या तीस मेंढ्या समोरच्या उघड्या खडकावर चरायला सोडलेल्या होत्या. तिथे पाण्याचा थेंब नसतो. पाणी होडीनेच न्यावे लागते. मेरीमातेच्या सणासाठी गावातल्या सगळ्या होड्या मुख्य भूमीवर गेल्या होत्या. राहिली होती ती फक्त टोन्चीची, कारण त्याची नवी मोटर रुसली होती आणि तिचा कारागीर सणानंतरच येणार होता. वाऱ्यावर मेंढ्यांचे ओरडणे ऐकू येत होते. दिन्का धक्क्यावर उभी होती. ती खडकाकडे तोंड करून मेंढ्या मोजत होती.

पेरीनाने मला खाली काढायला लावले. टोन्ची कुरकुरला की, मेलेल्या मोटरीत वेळ घालवण्यात अर्थ नाही. तिने माझ्या कुशीतल्या भोकावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"हिला धूत कुठं होतास?"

"धक्क्यावरच्या पिंपात. अगदी रोज धूत होतो, आई."

"नोव्हेंबरात त्या पिंपात तुझ्या बायकोनं ऑलिव्ह ठेवले होते. घाण्यावर नेईपर्यंत आपण ऑलिव्ह कशात ठेवतो?"

टोन्चीने डोके खाजवले. "समुद्राच्या पाण्यात."

"म्हणजे ऑलिव्ह काढले तरी पाणी तेच होतं. समुद्रातून काढून तू हिला समुद्रातच धूत होतास. आणि वर म्हणतोस, म्हातारी मेली."

पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या कानापर्यंत लाल झाला. दिन्का म्हणाली, "बार्तुलचाच मुलगा. पाण्याचा हिशोब या घराण्याला कधी जमला नाही."

बार्तुलच्या पत्र्याच्या डब्यात ग्रीस लावून कापडात गुंडाळलेला, माझे पाणी ओढणारा रबरी पंखा अजून होता. टोन्चीने तो बसवला, ठिणगीचा नवा प्लग लावला, आणि पेरीनाने घरातले सारे व्हिनेगर कोमट करून माझ्या वाटांतून दोनदा फिरवले. मग मला पिंपात उभे केले. या वेळी पिंपातले पाणी पेरीनाने आधी स्वतः चाखले. चौथ्या ओढीला मी सुरू झाले. क्षणभर काहीच आले नाही. मग गढूळ, खरखरीत असे काही बाहेर पडले, आणि त्यामागून पेन्सिलीएवढी स्वच्छ धार. पेरीना दगडावर बसली आणि तिने रुमालाने नाही, तर ग्रीसच्या फडक्यानेच डोळे पुसले.

मित्रांनो, मला शहाणपण शिकवायची हौस नाही, पण एवढे ऐकून ठेवा. जी यंत्रे तुमच्यासाठी राबतात, त्यांना कामानंतरची दहा मिनिटे द्या. आणि देताना काय देत आहात, ते आधी चाखून बघा.

चार दिवस मी पेरीनाच्या टाक्यातले पाणी त्या खडकावर वाहिले. पहिल्या खेपेला मेंढ्या गुडघाभर समुद्रात शिरून होडीकडे आल्या. एकही दगावली नाही. दिन्का प्रत्येक खेपेला होडीत बसे आणि दगडी कुंडीत ओतली जाणारी प्रत्येक बादली ओठांतल्या ओठांत मोजी. चौथ्या दिवशी सणाच्या होड्या क्षितिजावर दिसू लागल्या, तेव्हा होडीतल्या आमच्या पिंपात थोडे पाणी उरले होते. टोन्ची तेही ओतायला निघाला.

"थांब," दिन्का म्हणाली. "एकशे चाळीस झाल्या. याच्या वर मला एक थेंब नको, नाहीतर माझ्यावर कर्ज चढेल. उरल्यात त्या दोन बादल्या तुमच्या. त्यांनी म्हातारीला धुवा."

धक्क्यावर परतल्यावर टोन्चीने त्या दोन बादल्यांनी मला धुतले. दिन्का कुंपणापलीकडे आपल्या घरात गेली. पेरीनाने घरात बार्तुलच्या फोटोपुढे उभे राहून, जेवणाआधी, एवढेच सांगितले: "दिलं रे. सगळं दिलं."