तारीख उलटलेली निळी शाई

स्टुडिओ पुन्हा उघडायचा ठरलं, तेव्हा ऋजुतानं सगळ्यात आधी शाईच्या बाटल्या खाली काढल्या.

राजेंद्र नगरातला हा टॅटू स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा, शार्दूलचा. देवासहून परत येताना बायपासवर ट्रकनं त्याच्या बाइकला उडवलं आणि तो गेला, तेव्हापासून शटर खालीच होतं. ऋजुता मूळची नाशिकची. पीथमपूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम पाहायची. बॅच नंबर, एक्सपायरी, सील तपासणं हा तिचा रोजचाच धंदा, त्यामुळे रविवारी स्टुडिओतल्या शायांवरही तिचीच नजर असे. शार्दूल चिडवायचा, "घरात पण इन्स्पेक्शन!" पण बाटली उघडली की त्यावर तारीख टाकायला तो कधी विसरला नाही.

आता त्याचा जोडीदार मानस काम सांभाळणार होता. तो बाटल्या पुसून देत होता आणि ऋजुता त्या वेगळ्या करत होती. सीलबंद एका बाजूला, तारीख गेलेल्या दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू भरत चालली.

"वहिनी, ही निळी तर एकदम बढिया दिसतेय," मानस एक बाटली उजेडात धरून म्हणाला.

"दिसायला चांगलीच दिसणार. आत जंतू झाले असतील तर ते थोडेच दिसतात?"

बाटलीवर शार्दूलच्या अक्षरात उघडल्याची तारीख होती आणि खाली 'आई' असं लिहिलेलं होतं. ऋजुतानं ती हातात घेतली. तारीख गेलेल्या बाकीच्या बाटल्या तिनं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. ही मात्र घरी नेऊन टेबलाच्या खणात ठेवली.

शार्दूलच्या आई, मनोरमाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या. जन्मभर कपाळावरच्या कुंकवाखेरीज कसला रंग अंगाला न लावलेल्या या बाईंनी मुलाच्या हट्टाखातर हातावर कृष्णकमळाची वेल काढून घेतली होती. एक फूल भरून झालं. दुसऱ्याच्या नुसत्या रेषा होत्या. "आई, तुझी शुगर जरा वाढलीय. या फुलाची जखम भरू दे, मग दुसरं करू," शार्दूल म्हणाला होता. मग ते राहूनच गेलं.

स्टुडिओ उघडतोय कळल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या, "ऋजुता बेटा, माझं ते फूल मानसकडून पूर्ण करून घेऊ या. शार्दूलची निळी असेल ना?"

"आहे, पण तिची तारीख गेली, आई. नवीन मागवते, त्याच शेडची."

"नवीन नको. इतकुसं तर फूल आहे. त्याला किती शाई लागणार?"

"कितीही लागली तरी ती कातडीच्या आत जाते. तुम्हाला शुगर आहे. जखम चिघळली तर हात गमवायची वेळ येईल."

"कंपनीतले नियम घरात नको आणूस," मनोरमाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी दोघी जेवल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दोन-चार दिवसांनी ऋजुता कंपनीत असताना फोन आला. मल्हारगंजमध्ये टॅटूचं दुकान चालवणारा एक माणूस बोलत होता. शार्दूलला तो ओळखायचा.

"भाभीजी, आपकी सासूमाँ यहाँ बैठी हैं. शार्दूल भिया की बोतल लेके आई हैं. मैंने तारीख देखी तो मना कर दिया. अब उठ नहीं रहीं."

ऋजुता अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तिथं पोचली. मनोरमाबाई बाकावर बसल्या होत्या. बाटली पदराखाली घट्ट धरलेली. ऋजुता रागवायचं ठरवूनच आली होती, पण त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला पाहून ती शेजारी बसली.

"खणातून घेतलीत?"

"हो. फेकायची होती तर ठेवलीस कशाला मग?"

"नाही फेकवली," ऋजुता म्हणाली. "तुम्हाला नियम सांगत होते आणि रोज खण उघडून बघत होते. माझी चूक झाली, आई. तुमच्या हाताला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? आता तुम्हीच आहात मला."

मनोरमाबाईंनी पदराखालून बाटली काढली. अक्षरावरून बोट फिरवलं आणि ती सुनेच्या हातात दिली. "चल, घरी जाऊ. तू टाक, मी बघणार नाही."

घरी जाता जाता ऋजुतानं स्टुडिओत शिरून ती पिवळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं. मनोरमाबाई बाहेर रिक्षात पाठ करून बसल्या होत्या.

नवीन बाटली आली. शुगर ताब्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून, एका रविवारी सकाळी मनोरमाबाई खुर्चीत बसल्या. मानसनं त्यांच्यासमोर सील फोडलं, तारीख दाखवली, नवीन सुई लावली. पहिल्या फुलाच्या वेळी त्या शार्दूलशी गप्पा मारत होत्या, दुखतंय असं म्हणाल्याही नव्हत्या. आज सुई टेकताच त्यांचे डोळे वाहायला लागले.

"काकू, थांबू का?"

"नको. कर तू."

फूल पूर्ण झालं. निळा थोडा उजळ आला होता. शेजारी शेजारी पाहिलं की फरक कळत होता. मानसनं हात पुसला, मलम लावलं.

मनोरमाबाई बराच वेळ हाताकडे पाहत राहिल्या.

"अर्धं होतं ना," त्या हळू म्हणाल्या, "तोपर्यंत मला वाटायचं, त्याचं काम बाकी आहे. येईल."

ऋजुतानं त्यांचा दुसरा हात धरला. मानस मशीन धुवायचं म्हणून आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही.