डाव्या पायाचा कागद

मर्जान नावाच्या बाईची ऑर्डर आली तेव्हा फिरोजेने नेहमीसारखे आभाराचे दोन शब्द लिहिले, आणि मग तिची नजर पत्त्यावर गेली. रश्त शहर, गुलसार वस्ती, बागेसमोरची इमारत, तिसरा मजला. त्या घरात तिने सहा वर्षं संसार केला होता. कुठली खिडकी हिवाळ्यात नीट लागत नाही, हेसुद्धा तिला पाठ होतं.

"खाला, इकडे ये," ती म्हणाली. "सियामकच्या बायकोने आपला पॅटर्न मागवलाय."

अक्दस खाला, तिची मावशी, गॅसवर वांगी भाजत होती. चिमटा हातात घेऊनच ती आली. "बघू. अगं बया, खरंच की! या बाईला सगळं तुझंच वापरलेलं लागतं वाटतं. नवरा घेतला, घर घेतलं, आता बाहुलीपण?"

"खाला!"

"बरं, नाही बोलत. माझी वांगी जळतील."

दुकान खालाच्याच नावावर होतं, ‘अक्दसच्या बाहुल्या’. दुकान कसलं, मोबाईलवरचं एक पान आणि घरातलं जेवणाचं टेबल. फिरोजे तयार बाहुल्या विकायची नाही, कापडी बाहुल्यांचे पॅटर्न विकायची. डोकं, धड, हात, पाय यांचे आकार कागदावर आखायचे, कुठे शिवायचं आणि कापूस भरायला कुठे तोंड उघडं ठेवायचं ते लिहायचं, छापून पाकिटात घालायचं. गिऱ्हाईक घरी शिवतं, अडलं की विचारतं, झाली की फोटो पाठवतं. शिवणाऱ्या बायका त्या बाहुलीला ‘मी केलेली’ म्हणतात, आणि त्यात चूक काहीच नाही. आखणारीचं नाव पाकिटाबरोबर केरात जातं.

यल्दा ही फिरोजेची मुलगी. तलाकनंतर ती आईकडे होती, सात वर्षांची झाली आणि बापाकडे गेली, इराणचा कायदाच तसा. कोर्टाने आईला भेटीसाठी शुक्रवार दिले होते, ते कागदावरच राहिले. दर शुक्रवारी फिरोजे इमारतीच्या दारापाशी जायची आणि चौकीदार मान खाली घालून सांगायचा, ताप आलाय, पाहुणे आलेत, गावाला गेलेत. नेलेली खेळणी तो तिच्याच हातात परत द्यायचा, वरून तसा हुकूम होता. एकदा न राहवून ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, तर सियामकने मुलीची शाळाच बदलून टाकली. तक्रार केली, त्यावर तारखा पडत राहिल्या. या माणसाच्या अंगात माणुसकी औषधालाही नव्हती.

दुपारी मर्जानचा निरोप आला. "अक्दस खानम, मला शिवण येत नाही, जरा सांभाळून घ्या. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, माझ्या नवऱ्याची. बिचारीची आई तिला टाकून इस्तंबूलला निघून गेली म्हणे, साधी विचारपूससुद्धा करत नाही. मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. म्हटलं, आपल्या हाताने काहीतरी करून द्यावं."

फिरोजेने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिने मोबाईल खालाच्या पुढे सरकवला.

"इस्तंबूल?" खाला कडाडली. "दोन वर्षांत आपण मासळीबाजाराच्या पलीकडे गेलो नाही! लिही तिला, बाई गं, तुझा नवरा एक नंबरचा खोटारडा आहे."

"मग ती काय करेल? सरळ नेऊन त्यालाच दाखवेल. हेही दार बंद."

"मग तुझा आवाज पाठव. पोर ऐकेल तरी."

"आणि त्याने ऐकला तर?"

खाला लसूण सोलायला बसली आणि सोलताना सियामकच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली.

फिरोजेला आठवली ती लंगडी खानम. यल्दा तीन वर्षांची असताना फिरोजेने पहिलीवहिली बाहुली शिवली होती. तेव्हा हात बसलेला नव्हता, डाव्या पायाला शिलाई दोनदा पडली आणि पाय बोटभर आखूड झाला. यल्दाने नाव ठेवलं लंगडी खानम, म्हणजे लंगडी बाई, आणि तिचा हात धरून स्वतःही लंगडत घरभर फिरायला लागली. फिरोजेने पाय उसवून सरळ केला तर पोरीने घर डोक्यावर घेतलं. शेवटी पुन्हा आखूड करून द्यावा लागला. ती बाहुली सियामकने केव्हाच फेकून दिली होती. पण यल्दा विसरणं शक्य नव्हतं. डावा पाय आखूड असलेली बाहुली त्या घरात, तिच्या हातात पडली, की तिला कळेल. आई कुठे गेलेली नाही, आईने टाकलेलं नाही. एवढं पोहोचलं तरी फिरोजेला पुरे होतं. मर्जानच्या पाकिटासाठी तिने डाव्या पायाचा कागद वेगळा आखला.

मर्जानचा हात खरंच शिवणाचा नव्हता. बाहुलीचा अरुंद हात उलटा शिवून सुलटा करताना फाटला, तेव्हा ती रडकुंडीला आली. फिरोजेने तिला पेन्सिलीचं मागचं टोक वापरायला शिकवलं. मान लुळी पडली, तिने कापूस आणखी दाबून भरायला लावला. शिकवता शिकवता ती नको ते प्रश्नही विचारायची. मुलीच्या डोळ्यांचा रंग कसा आहे? उंची किती? दात पडले का?

"दातांचा आणि बाहुलीचा काय संबंध गं?" खाला म्हणाली.

"तिने विचारलं का काही? नाही ना?"

मर्जानने विचारलं नव्हतं. भोळेपणाने ती सगळं सांगायची. समोरचा दात पडलाय. भाताची करपलेली खरवड भांडून घेते. झोपेत बडबडते, पण काय ते कळत नाही. फिरोजे ते वाचून स्वयंपाकघरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. या बाईचा राग राग करावा असं तिला फार वाटे, पण तो काही केल्या येत नव्हता.

शेवटी एका सकाळी फोटो आला. यल्दा सोफ्यावर बसलेली, केस कापलेले, वाढलेली, हसणारी. मांडीवर बाहुली. फिरोजेने आधी मुलीकडे बघून घेतलं, मन भरेपर्यंत. मग तिने बाहुलीकडे पाहिलं. दोन्ही पाय अगदी सारखे होते.

पाठोपाठ मर्जानचा आवाज आला, आनंदाने धाप लागलेला. "अक्दस खानम, झाली हो! आणि एक सांगू, रागावू नका. तुमच्या डाव्या पायाच्या कागदात चूक आहे, तो बोटभर आखूड आलाय. मी आधी तसाच कापला होता. मग मापून पाहिलं तर फरक. म्हटलं, पोरीला लंगडी बाहुली कशी द्यायची? तिच्या वाट्याला आधीच काय कमी आलंय का? मग उजव्या पायाचाच कागद उलटा ठेवून नवा कापला. बाकी गिऱ्हाइकांसाठी तेवढं दुरुस्त करा हं."

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "आई, विचार ना त्यांना. हिला आई नाहीये. हिच्या आईचा पॅटर्न आहे का विचार."

मर्जानचा स्वर एकदम खाली आला. "ऐकलंत? मला आई म्हणाली. आजवर नुसतं मर्जान म्हणायची. तुमचे हे उपकार मी कशी फेडू हो?"

खाला टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिनेही ऐकलं होतं. तिने फिरोजेच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हलकेच म्हणाली, "बोल गं एकदा. काय व्हायचं ते होऊ दे. आवाज तरी ओळखेल."

फिरोजेने आवाज भरायचं बटण दाबलं. तोंड उघडलं. समोर फोटोत यल्दा हसत होती, दात पडलेल्या जागेसकट, आणि तसं हसताना फिरोजेने तिला त्या घरात शेवटच्या वर्षात पाहिलंच नव्हतं. आता ओरडून सांगितलं तर हे हसू आधी जाईल. शाळा बदलली तशी उद्या मर्जानपण बदलली जाईल. पोरीच्या हातून दुसरी आईसुद्धा जायची. ती रडली नाही. तिने बटण सोडलं आणि लिहिलं, ‘चूक माझीच होती. आईचा पॅटर्न देते काढून.’

"वेडी आहेस तू," खाला म्हणाली आणि तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसायला लागली.

फिरोजेने कोरा कागद ओढला. डोकं आखलं, धड आखलं, कडेवर मूल बसेल असे लांब हात आखले. पाय आखून झाल्यावर पट्टी लावून दोन्ही मापले.

मर्जानचा पुढचा प्रश्न तोवर येऊन पडला होता. "आणि केस हो? यल्दा विचारतेय, आईचे केस कसे करायचे?"

फिरोजेने आपल्या लांब वेणीला हात लावला. मग तिने लिहिलं, ‘तुमचे आहेत तसेच करा.’