न ऐकणारी होडी

अक्षता चारकोपच्या एका छोट्या कारखान्यात इंजिनियर होती. संशयित बोटी गोळी न झाडता थांबवायची यंत्रं तिथे बनत. आधी लांबून कान फाडणारा भोंगा. तरीही बोट थांबली नाही, तर तिच्या वाटेत टाकायचा दोर. तो पंख्यात गुंतला की बोट जागीच बंद. माणूस मरत नाही, यावरच तर सगळा धंदा होता.

मढच्या समोर समुद्रात चाचणी चालली होती. स्वतःच्याच रिकाम्या होडीवर दोर टाकून पाहायचा, एवढंच ठरलं होतं. तेवढ्यात मासेमारीची एक छोटी होडी सरळ त्यांच्या बोटीकडे येताना दिसली. आत एकटाच माणूस.

"भोंगा लाव," मालक अनिरुद्ध म्हणाला. "बघू काय करतो."

भोंगा कडाडला. त्यातून सूचना सुटली: थांबा, मागे फिरा. अक्षताने कान गच्च दाबले. होडीतल्या माणसाने मानही वळवली नाही.

"ऐकतच नाही हा! टाक दोर."

"सर, कोळी आहे तो. राहू द्या ना."

"अगं, काही होत नाही. अशी खरी केस परत मिळायची नाही."

अक्षताने बटण दाबलं.

होडीचं इंजिन गचकन बंद पडलं. माणसाने मागे वाकून पाहिलं, शिवी हासडली आणि दोर कापायला सुरी घेऊन पाण्यात उतरला. तेवढ्यात लाटेने होडीची मागची बाजू उचलली आणि ती त्याच्या डोक्यावरच आदळली. त्याला धक्क्यावर आणेस्तोवर तो संपला होता.

"आपल्या यंत्राने नाही मेला. स्वतः उतरला तो," अनिरुद्ध म्हणाला. "पोलिसांना तेवढंच सांगायचं."

तिने तेवढंच सांगितलं. पण झोप लागेना, म्हणून एका सकाळी ती मढला त्या कोळ्याच्या घरी गेली. श्यामसुंदर त्याचं नाव. बायको वनमाला दारातच बसली होती.

"आम्ही भोंगा वाजवला होता," अक्षता म्हणाली. "ते थांबले नाहीत."

"थांबेल कसा? इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले होते त्याचे. मी खांद्यावर हात मारून बोलवायची."

"दोर मी टाकला."

"कशाला?"

"यंत्राची चाचणी चालली होती," अक्षता म्हणाली.

"जा तू," वनमाला म्हणाली. "मला सांगून काय? चौकीत सांग."

अक्षता तशीच चौकीत गेली आणि सगळं सांगितलं. हुकूम अनिरुद्धचा, बटणावरचं बोट आपलं. गुन्हा दोघांवर दाखल झाला. तिची नोकरी गेली.

पहिल्या तारखेला कोर्टाबाहेर वनमाला दिसली. अक्षताने हात जोडले. वनमालाने एकदा पाहिलं आणि बाजूने निघून गेली.