फ्रीजच्या रबराला तेल

सासूबाईंना फ्रीज पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. "शिळं ठेवायला एवढं मोठं कपाट कशाला? शिंकाळं आहे की," असं त्या म्हणाल्या आणि मी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. पण तो शिळ्यासाठी आलाच नव्हता. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे भाऊंना, मधुमेह होता. रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन लागायचं, आणि ठाण्याच्या उकाड्यात ती बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात जपता जपता आम्ही थकलो होतो. ह्यांच्या कंपनीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याचा जुना फ्रीज ह्यांनी घेतला. सत्तावन्न सालची गोष्ट. आमच्या चरई भागातल्या बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा येऊन तो बघून गेल्या.

भाऊंचं औषध आत गेलं मात्र, आणि ते कपाट सासूबाईंच्या माणसांत जमा झालं. आपल्या माणसांना त्या दोनच गोष्टी सढळ हातानं द्यायच्या, बोलणी आणि तेल. शनिवारी टाळूवर खोबरेल थापल्याशिवाय घरात कुणाला चहा मिळत नसे. बिजागऱ्यांना तेल, शिवणयंत्राला तेल. खाडीच्या हवेत सगळं गंजतं, नाही तर बुरसतं, आणि त्यावर तेलासारखा उपाय नाही, हे शहाणपण त्यांनी अलिबागकडच्या माहेराहून आणलं होतं. पावसाळ्यात फ्रीजच्या दाराच्या रबरावर काळी बुरशी धरली. सासूबाईंनी ती पुसली आणि रबराला खोबरेल चोळलं. मग दर शनिवारी आमच्याबरोबर त्याचीही पाळी.

भाऊंना इंजेक्शनही त्याच देत. चौथी शिकलेली बाई, पण डॉक्टरांनी एकदा दाखवलं ते कायमचं बसलं. सुई उकळायच्या, औषध ओढायच्या, पिचकारीवरची रेघ डोळ्यांसमोर धरून बघायच्या. एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, पण तेवढा वेळ शब्द नाही. भाऊ दंड पुढे करून पेपर वाचत बसायचे. दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत ती दोघं एकमेकांच्या एवढ्या जवळ फक्त तेवढ्याच वेळी बसत. मला ते बघायला फार आवडायचं.

भाद्रपदात भाऊंची साखर वाढू लागली. निळ्या औषधात लघवी घालून उकळायची, निळी राहिली तर ठीक, अशी तेव्हाची तपासणी. ती रोज विटकरी व्हायला लागली. भाऊंची तहान भागेना, पायाची जखम भरेना. डॉक्टर आले आणि म्हणाले, "एक तर औषध बिघडलंय, नाही तर हात चुकतोय. हे असंच चाललं तर पाय वाचणार नाही."

औषध कसं बिघडेल? ह्यांनी फ्रीज उघडून दाखवला. वरच्या खणाभोवती बर्फाचा ढीग माजला होता आणि मोटार रात्रंदिवस घरघरत होती. एवढा बर्फ आहे म्हणजे औषध गारच असणार, असं सगळ्यांनी धरलं. उरला तो हात. "वय झालं, डोळे अधू झाले असतील. उद्यापासून आमचा कंपाउंडर विश्राम येऊन देईल," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सुईचा डबा पदरानं पुसला आणि मुकाट्यानं माझ्या हातात दिला. भाऊंनी मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्याच तिरमिरीत मी फ्रीज उघडून खालच्या खणातली बाटली उचलली. कोमट! शेजारचं लोणीही पातळ झालेलं.

"अहो, हात लावून बघा जरा!" मी ओरडले. बर्फ सगळ्यांनी बघितला होता, बाटलीला हात कुणीच लावला नव्हता.

"मी लावत होते की रोज," सासूबाई म्हणाल्या. "पण गार औषध ह्यांना झोंबतं, म्हणून आधी मुठीत धरते. मला वाटायचं, माझ्याच हाताची ऊब."

संध्याकाळी हे स्टेशनजवळच्या गोपीनाथ मेकॅनिकला घेऊन आले. त्यानं दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. तो अलगद सुटून आला. मग त्यानं रबर दाबलं, तर बोट चिकटलं.

"वहिनी, काय लावलेलं ह्याला?"

"खोबरेल," सासूबाईच म्हणाल्या. "आधी शनिवारी लावायची. मग ते सैल पडायला लागलं, तेव्हापासून रोज लावते."

"अरे देवा! आई, रबराला तेल म्हणजे जहर. फुगतं, मऊ पडतं. दार लागलेलं दिसतं, पण बसत नाही. ही खाडीची दमट हवा आत घुसते, तिचा वर बर्फ होतो, आणि बर्फाच्या गोधडीखाली मशीन नुसतं घुमत बसतं. खाली थंडी उतरणार कशी?" नवं रबर मुंबईहून आणावं लागेल, तोवर औषध दवाखान्यात ठेवा, असं सांगून तो गेला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एरवी हे मी त्यांना चिडवायला म्हटलं असतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होत्या.

"तुमचा हात बरोबर होता, आई. सुई कधीच चुकली नाही," मी म्हटलं.

"सुई नाही चुकली, मीच चुकले. रोज चोळून चोळून त्यांचं औषध नासवलं गं मी." आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

सकाळी विश्राम दवाखान्यातून नवी बाटली घेऊन आला. सुई उकळून त्यानं औषध भरलं. भाऊंनी बाही वर केली नाही.

"ती कुठे आहे?"

"आत आहेत," मी म्हटलं.

"विश्राम, तुम्ही चहा घ्या. अगं, ये बाहेर."

सासूबाई दारापर्यंत आल्या. "मी नाही देणार. माझा हात आता कशालाच लागू देऊ नका."

"तू तेल लावायचीस तेव्हा मी समोरच बसलेला असायचो," भाऊ म्हणाले. "मला वाटायचं, बरं करतेय. मीही नाही अडवलं. मग चूक एकटीची कशी? ये. मला दुसऱ्या कुणाच्या हातची सुई नको."

विश्रामनं सुई त्यांच्या हाती दिली. सासूबाई भाऊंच्या शेजारी टेकल्या. त्यांनी रेघ डोळ्यांसमोर धरून बघितली, पुन्हा बघितली. सुई तिरकी गेली आणि भाऊंच्या दंडावर रक्ताचा थेंब आला.

"लागलं?" सासूबाईंनी पदराचं टोक थेंबावर दाबलं.

"लागलं," भाऊ पेपर उघडत म्हणाले. "उद्या नीट दे."