जोसायाची दुसरी बायको

चंद्रहासने फूटपट्टी धरून शेवटची रेघ ओढली आणि भलामोठा कागद लेकीपुढे सरकवला.

"घे. जॉशच्या घराण्याची वंशावळ. शनिवारी विहीणबाईंच्या सत्तरीला द्यायला तयार."

काम मूळ त्याच्या बायकोचं, सुमेधाचं. इथल्या हेन्डरसन उपनगरातल्या लायब्ररीत बसून तिने जावयाचे पूर्वज शोधले होते. प्युरिटन पंथाची माणसं. धर्मापायी इंग्लंड सोडून १६३५ साली बोस्टनला गेलेली. जोसाया, त्याची बायको अबिगेल, चार मुलगे आणि दहा आठवडे जहाजात. काम अर्ध्यावर असताना, आठ महिन्यांपूर्वी, सुमेधा गेली. उरलेलं चंद्रहासने पुरं केलं होतं.

सिद्धीचं बोट कागदावर थांबलं.

"बाबा, ही अबिगेल १६३८ला वारली ना?"

"हो."

"मग तिची मुलगी, ही धाकटी अबिगेल, १६४०ला कशी जन्मली? सीरियसली, बाबा?"

चंद्रहास चष्मा पुसू लागला.

"जोसायाने दुसरं लग्न केलं होतं. तू ते गाळलंस," सिद्धी म्हणाली.

"पाच महिन्यांत केलं गं. पाच! आणि मुलीचं नाव अबिगेल, म्हणजे पहिलीचीच असणार. साल कारकुनाने चुकवलं असेल म्हटलं."

"नाही चुकवलं." सिद्धीने आईची वही उघडली. "वाच. त्या लोकांत पुष्कळदा दुसरी बायको आपल्या पहिल्या मुलीला गेलेलीचं नाव द्यायची."

सुमेधाच्या अक्षरातलं ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. परक्या घरात आलेली बाई. समोर चार आईविना पोरं. आणि पोटच्या लेकीला हाक मारायची ती पहिलीच्या नावाने, रोज.

"मोठ्या मनाची होती," तो म्हणाला. "हिचं नाव काय?"

"नाही मिळालं. चर्चच्या वहीत नुसतं 'जोसायाची बायको'."

चंद्रहासने कागद परत ओढून घेतला.

"विहीणबाईंना कळव. शनिवारी वंशावळ मिळणार नाही, आधी हिचं नाव शोधायचंय."

"बाबा! पार बॉटनी उपनगरातून सगळे येतायत. तेवढं रिकामं ठेव ना, कोण बघतंय?"

"तुझा जॉश त्या धाकट्या अबिगेलच्या वंशातला. ही बाई पावणेचारशे वर्षं थांबलीय. विहीणबाई महिनाभर थांबतील."

सिद्धी फोन घेऊन बाहेर गेली. चंद्रहासने जोसायाशेजारी नवी चौकट आखली. ती इतरांपेक्षा मोठी झाली होती. त्याने ती तशीच राहू दिली.