बाबांच्या टेबलावरची शाल

"निळी की हिरवी?" दुकानदाराने रबरी मॅटचे दोन तुकडे माझ्यापुढे टाकले. बाबा गेल्यावर त्यांच्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर आता मी बसणार होते, म्हणून टेबलावर घालायला काहीतरी हवं होतं.

"रंगाचं राहू द्या. साधं रेक्झिन का चालत नाही, ते सांगा," मी म्हटलं. माल गळ्यात मारणाऱ्यांची मला चीड आहे.

"ताई, थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? तीच वीज बोटातून चिपमध्ये गेली की चिप कामातून गेली. डोळ्यांना काही दिसत नाही. ही मॅट ती वीज वायरीतून जमिनीत सोडते. रेक्झिन वाईटच, पण लोकर सगळ्यात वाईट."

"लोकर?"

"अहो, घोंगडी अंथरून काम करणारे महाभागही आहेत!" तो हसला. मला हसू आलं नाही.

आई गेल्यावर तिची लोकरीची शाल मीच त्या टेबलावर अंथरली होती. बाबांच्या कोपरांना गार लागू नये, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून. त्याच हिवाळ्यात त्यांनी दुरुस्त केलेले मोबाइल चार दिवसांत बंद पडून परत यायला लागले. "माझा हात गेला गं," ते म्हणायचे. शेवटी त्यांनी आपणहून काम सोडलं आणि तेच मनात धरून गेले.

"वय झालं बाबा, चालायचंच," मी त्यांची समजूत घालायचे, आणि शालीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करायचे.