सगळ्यांसाठीची खोली

फाउंड्रीचे मॅनेजर नानासो साहेबांनी आपल्या कॅबिनचं दार आधी लावून घेतलं आणि मग कागद माझ्या हातात दिला. दार लावून दिलेल्या कागदात कधी कुणाचं भलं लिहिलेलं असतं का? मी वाचायला लागले.

सातारच्या कारखान्यात आपल्या पंपाच्या बॉड्या नापास होत आहेत, कारण त्यांत भोकं पडतात. भोकं पडतात, कारण कोअर ओले असतात. सबब कोअर विभाग मार्चअखेर बंद करावा, कोअर बाहेरून घ्यावेत आणि 'मुक्ताबाई व इतर आठ बायका' यांना कामावरून कमी करावे.

मुक्ताबाई म्हणजे माझी आई.

"नवी खोली काढ आन् त्यात हे टाईप करून ठेव," साहेब म्हणाले. "खोली बंद. मालक, मी आन् तू, तिघंच. तुझ्या आईचं हाय म्हणून सांगतो, घरात बोलू नगंस. तुला मी हितंच ठेवतोय, तुझी काळजी नगं करू."

माझी काळजी! आईच्या पोटावर पाय द्यायचा आणि तो कागद लेकीकडूनच टाईप करून घ्यायचा, वर उपकार. मला इतका राग आला की मी कागदावरून मान वर केली नाही. साहेबांना तो माझा समजूतदारपणा वाटला. खंडाळ्याला त्यांच्या मेहुण्याच्या पोराचं लग्न होतं. "गुरुवारी येतो, मग मालकांना पाठवू," म्हणाले आणि गेले. तो दिवस मंगळवार.

आता ही खोली म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची सांगलीची फाउंड्री लोखंड वितळवून बॉड्या ओतायची, सातारचा कारखाना त्या लेथवर कातून पंप तयार करायचा. मालक एकच, बसायचे सातारला. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी दोन्हीकडे कॉम्प्युटर आणले आणि एक प्रोग्रॅम घातला. सकाळी अकराला आणि दुपारी चारला फोनच्या तारेवरून इकडचं लिहिलेलं तिकडं आणि तिकडचं इकडं यायचं. प्रत्येक विषयाची वेगळी खोली. खोली काढताना प्रोग्रॅम विचारायचा, ही ठरावीक माणसांसाठी की सगळ्यांसाठी? ठरावीक म्हटलं तर ज्यांची नावं घालाल तेवढ्यांनाच दिसणार. सगळ्यांसाठी म्हटलं तर दोन्हीकडच्या शिपायापासून मालकापर्यंत कुणीही वाचावं, कुणीही लिहावं. आणि एकदा ठरलं की ठरलं. मागाहून बदलता यायचं नाही.

चार महिन्यांत मी अकरा खोल्या काढल्या होत्या. त्यातली उघडी एकच, सुट्ट्यांच्या यादीची. बाकी प्रत्येक वेळी साहेब म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." सातारची माणसंही काही कमी नव्हती. त्यांच्याही बंद खोल्या होत्या, त्यात ते आमच्याबद्दल काय लिहायचे ते आम्हाला दिसायचं नाही. दोन्हीकडं मुठी झाकलेल्या आणि मधल्यामध्ये बॉड्या नापास होत होत्या.

आई अठरा वर्षं कोअर करत होती. पंप आतून पोकळ असतो, म्हणून साच्यात मधोमध वाळूचा एक गाभा ठेवतात आणि भोवती लोखंड ओततात. तो गाभा म्हणजे कोअर. तो भट्टीत भाजून कोरडा ठणठणीत करावा लागतो, नाहीतर ओलीची वाफ लोखंडात अडकून भोकं पडतात. आईच्या हातचा कोअर ओला? ती बोटानं टिचकी मारून आवाजावरून सांगायची, भाजला की नाही ते. गावाकडे आष्ट्यात कुणाच्या घरी भाकरी कच्ची राहिली तरी हिला लाज वाटायची.

मी खोली काढायला बसले. प्रोग्रॅमनं नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांचा कागद उजव्या हाताला पडला होता. मी तो उपडा केला आणि 'सगळ्यांसाठी' निवडलं. खोलीला नाव दिलं, 'बॉडीत भोकं का पडतात'. खाली लिहिलं, "जानेवारीपासून सांगलीच्या चारशे बारा बॉड्या नापास झाल्या. आमचे कोअर ओले असतात असं म्हणतात. सातारला बॉडी कापल्यावर आत काय दिसतं, ते ज्याला माहीत असेल त्यानं इथं लिहावं. — दीपमाला होवाळ, सांगली."

चारशे बारा हा आकडा दोन-चार माणसांपलीकडे जाऊ नये म्हणून साहेबांनी जिवापाड जपलेला होता. चारला फोन लागला आणि तो सातारला गेला.  आईबरोबर आपलीही नोकरी गेली म्हणून समजा, असं स्वतःला सांगून मी एसटी गाठली. आईला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं मला त्याच एसटीनं परत पाठवलं असतं.

बुधवारी अकराला उत्तर आलं. लिहिणारा शिवतेज नावाचा सातारचा तपासनीस. मी त्याला कधी पाहिलेला नव्हता.

"बरं झालं तुम्ही विचारलंत," त्यानं लिहिलं होतं. "आम्ही सदतीस नापास बॉड्या कापून पाहिल्या. पस्तीस बॉड्यांत आतल्या बाजूला उठावदार फुली आहे. चांगल्या बॉड्यांत फुली नसते, नुसत्या रेघा असतात. आमच्या बंद खोलीत दोन महिने हीच चर्चा आहे, की सांगलीवाले खराब माल ओळखून त्याच्यावर फुली मारतात आणि मुद्दाम आमच्या गळ्यात घालतात. पुरावा जमेपर्यंत तुम्हाला विचारायचं नाही असं ठरलं होतं. खरं काय ते सांगा."

मी ते उत्तर कागदावर छापून घेतलं आणि पळत कोअर विभागात गेले. आईचे हात वाळूत होते. मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मग हसायलाच लागली.

"आगं, फुली व्हय? ती तर माजी ऐतवाराची."

"म्हणजे?"

"शिळं आधी वापराया नगं? म्हणून कोअर वला आसताना त्येच्यावर खिळ्यानं खूण करतो आमी. मंगळवारची येक रेघ, बुधवारची दोन, आशा. ऐतवारची फुली. आता ती लोखंडात उठती, ह्ये आमाला कुठलं ठावं? आमी काय पंप कापून बघितलाय कवा?"

अठरा वर्षं ही बाई पंपाच्या आत सही करत होती आणि ती सही फक्त सातारला दिसत होती.

पण मग ऐतवाराचेच कोअर का वाया जावेत? ओतकामाचा मिस्त्री गुंडामामा शेजारीच उभा होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "सोमवारी लाइट नसती, आपली सुट्टी. बाकीच्या दिवसांचं कोअर दुसऱ्या दिशी सकाळी वततो. ऐतवाराचं तेवढं मंगळवारपतूर मांडणीवर पडून ऱ्हात्यात."

"पडू देत की," आई म्हणाली. "आधीबी पडत हुतंच. तवा न्हाई काय झालं."

"आधी मांडणी कुठं हुती, मुक्ताबाई?"

आईनं वाळूतले हात बाहेर काढले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनकडं.

मांडणी आधी भाजायच्या भट्टीच्या भिंतीला होती. ती भिंत सुट्टीतही उबदार राहायची. दिवाळीनंतर कॉम्प्युटर आला, त्याला जागा हवी म्हणून तिथं प्लायवुडची कॅबिन ठोकली आणि मांडणी मागच्या भिंतीला नेली. आम्ही तिघं मागं गेलो. मी भिंतीला हात लावला. वरच्या पाण्याच्या टाकीची ओल भिंतीतून खालपर्यंत उतरली होती. एक रात्र तिथं काढली तर कोअरला फार बाधत नसे, दोन रात्री आणि एक दिवस मात्र बाधत होता.

म्हणजे आईचा काही दोष नव्हता. दोष माझ्या कॉम्प्युटरचा होता. ज्या खुर्चीत बसून मी तिच्या कामाचा निकाल टाईप करणार होते, त्याच खुर्चीनं तिचे कोअर भिजवले होते. मला रडूही येत होतं आणि आनंदानं नाचावंसंही वाटत होतं. क्षणभर मनात आलं, मांडणी गुपचूप हलवावी आणि कॅबिनचं नाव काढू नये. झाकली मूठ. साहेबांची सवय मलाही लागली होती तर.

चारच्या फोनआधी मी सगळं लिहून टाकलं. फुलीचा अर्थ लिहिला, सोमवारची सुट्टी, टाकीची ओल लिहिली, आणि शेवटी लिहिलं, "मांडणी कॉम्प्युटरच्या कॅबिनसाठी हलवली होती. कॅबिनमध्ये मी बसते."

गुरुवारी साहेब लग्नाचा फेटा पिशवीत घेऊन आले, तेव्हा अकराचा फोन होऊन गेला होता. उघडी खोली पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"चारशे बारा? सगळ्या सातारला वाचाय दिलंस? आब्रू काढलीस माझी. मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी बंद म्हणला असता, साहेब," मी म्हणाले. "खाली वाचा. मालकांनी लिहिलंय."

मालकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. मांडणी आजच भट्टीच्या भिंतीला आणा. या रविवारचे चाळीस कोअर मंगळवारी ओतून वेगळे पाठवा, शिवतेज स्वतः तपासेल, तोवर कोअर विभागाबद्दल कुणी काही ठरवू नये. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हाताजवळचा आपलाच उपडा कागद उचलून घडी करून खिशात घातला. 

कॅबिनची प्लायवुडची भिंत गुंडामामानं त्याच दिवशी उचकटली. मांडणी तिच्या जुन्या जागी आली आणि माझा कॉम्प्युटर कोअरच्या शेजारी उघड्यावर आला. वाळू उडू नये म्हणून आईनं त्याला जुन्या लुगड्याचा तुकडा दिला.

रविवारी नऊ जणींनी चाळीस कोअर केले आणि प्रत्येकावर ठसठशीत फुली मारली. आईनं त्या दिवशी भाजलेल्या प्रत्येक कोअरला दोनदा टिचकी मारून पाहिली. तिला आता सगळं कळलं होतं, तो खिशातला कागदसुद्धा. मीच घरी सांगितलं होतं. मंगळवारी ओतकाम झालं, बुधवारी ट्रक गेला. गुरुवारी काहीच आलं नाही. शुक्रवारी अकराला फोन लागला तेव्हा अख्खी फाउंड्री माझ्या टेबलाभोवती होती. साहेबसुद्धा होते.

मी मोठ्यानं वाचलं. "चाळीस बॉड्या कातल्या. चाळीसच्या चाळीस पास. दोन कापून पाहिल्या, आत फुली आहे, भोक एकही नाही. फुली मारणाऱ्या हातांना सातारचा नमस्कार. शिवतेज."

गुंडामामानं डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. ती भट्टीवर पडली आणि जळाली, तरी तो हसतच होता. आईच्या जोडीनं कोअर करणाऱ्या राहीबाईनं माझ्या आईला कमरेत धरून उचललं. मी ओरडत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आम्ही जिंकलो होतो, आणि चोरून नाही, दोन जिल्ह्यांच्या देखत.

गलका ओसरल्यावर आई साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्या कागदावर तुमी आमचं कोअर वलं म्हनून लिवलं हुतं न्हवं? बंद खोलीसाठी?"

साहेब खाली बघत म्हणाले, "व्हय, मुक्ताबाई. चुकलं माझं."

"मग आता हितं लिवा, ह्या उगड्या खोलीत. तुमच्या हातानं. कोअर कुणी केलं ते."

मी खुर्चीतून उठले. साहेब बसले. त्यांना टायपिंग येत नव्हतं, एकेक अक्षर शोधून एका बोटानं दाबायचे. त्यांनी लिहिलं, 'मुक्ताबाई व इतर'.

"इतर न्हाई," आई म्हणाली. "नावं हाईत आमाला. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट लिवा. मी सांगती."

ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. मुक्ताबाई सर्जेराव होवाळ. राहीबाई धुळा हाक्के. जोडाक्षर आलं की मी कुठली कळ ते दाखवायची. नऊ नावांना पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात एकही बाई हलली नाही.

"आता वाचून दाखव," आई मला म्हणाली.

मी वाचायला लागले. जिचं नाव येई ती पदर खोचून आपल्या कामाला जाई. आईचं नाव पहिलंच होतं, पण ती शेवटचं नाव होईपर्यंत तिथंच उभी राहिली.